शुद्ध पाणी मंचाचे अध्यक्ष

११ फेब्रुवारी, मंगळवार

लेकीचा हुकूम आहे की दिवसभरात कोणाशी काय बोललो ते रोज लिहून ठेवायचं. मागच्या रविवारी फोनवर माझा आवाज बसलेला ऐकून तिला वाटलं सर्दी झाली. सर्दी नव्हती. गुरुवारनंतर मी पहिल्यांदाच तोंड उघडत होतो. ही गेल्याला चौदा महिने झाले. घरात दोन माणसं असताना बडबड करणारी हीच होती. मी फक्त हुंकार द्यायचो. आता हुंकार द्यायलाही निमित्त नाही. माझा मित्र इंजिनिअर सकाळी फिरायला येतो तेवढाच माणसाचा आवाज कानावर पडतो, पण पाण्याच्या भानगडीमुळे आठवडाभर त्यालाही जमलेलं नाही.

भानगड अशी की तीन आठवडे नळाला तांबूस पाणी येतंय. पांढरा सदरा धुतला तर चहात बुडवल्यासारखा निघतो.

आज मात्र लिहिण्यासारखं घडलं. दुपारी बेल वाजली. दारात चाळिशीचे एक सभ्य गृहस्थ, हातात फाईल. "सर, तुम्ही मला ओळखणार नाही, पण गावात तुम्हाला कोण ओळखत नाही?" म्हणाले. काही नागरिक एकत्र येऊन पाण्यासाठी मंच काढताहेत, ते त्याचे समन्वयक. अध्यक्ष म्हणून निष्कलंक माणूस हवाय. शाळेत चौतीस वर्षं, त्यातली अकरा मुख्याध्यापक, कोणत्याही पक्षाचं लेबल नाही, असं त्यांनीच मला माझ्याबद्दल सांगितलं.

मी म्हटलं, विचार करून सांगतो. ते जिना उतरेपर्यंत विचार करून झाला होता. पण बरं दिसावं म्हणून संध्याकाळी फोन केला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

मंचाची पहिली बैठक. मुख्य रस्त्यावर दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, नवीन खुर्च्या, अजून प्लॅस्टिक न काढलेल्या. "शुद्ध पाणी नागरिक मंच" असा फलक तयार होता आणि त्याखाली लेटरहेडवर माझं नावही छापून आलं होतं. मी होकार दिला मंगळवारी संध्याकाळी आणि कागदावर छपाईची तारीख सोमवारची. समन्वयकांना विचारलं तर हसून म्हणाले, "सर, तुमच्यावर आमचा एवढा विश्वास होता."

एकूण नऊ जण होतो. एक दंतवैद्य, एक निवृत्त न्यायाधीश (हे झोपले होते), दोन दुकानदार, बाकीचे कोण ते कळलं नाही, पण सगळे मनमिळाऊ. खोल्यांचं भाडं कोण देतं असं मी विचारलं. "हितचिंतक," समन्वयक म्हणाले. गावात अजून असे लोक आहेत हे ऐकून बरं वाटलं.

सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी अकराला यायचं आहे. घरी येऊन दिनदर्शिकेवर खुणा केल्या.

२० फेब्रुवारी, गुरुवार

इंजिनिअर आज आला. तळ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. हा जलशुद्धीकरण केंद्राचा प्रमुख. माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, पण ही आजारी असताना रात्रपाळी असल्यासारखा माझ्यासोबत दवाखान्यात बसलेला माणूस. मला वाटलं, मंचाचं ऐकून खूश होईल. त्यानं उलट मलाच विचारलं.

"मास्तर, पाणी तांबडं का येतंय ते तुमच्या मंचात कोणी विचारलं का?"

"यंत्रणा जुनाट झालीय म्हणतात."

"यंत्रणेला काही झालेलं नाही. फिल्टरमधली वाळू बदलायची राहिलीय. मी लिहून लिहून थकलो, पालिकेची मंजुरी येत नाही. अडवतात कोण, तर ज्यांना आत्ता पाण्याचा एवढा कळवळा आलाय तेच नगरसेवक. कुठंतरी पाणी मुरतंय."

"तुला सगळीकडे पाणीच दिसणार," मी म्हटलं. तो हसला नाही.

खरं सांगायचं तर मला राग आला. कित्येक महिन्यांनी माझ्याकडे सांगण्यासारखं काही होतं, आणि यानं त्यावर वाळू टाकली.

२ मार्च, रविवार

आजच्या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर, खालच्या बाजूला, माझा लेख. फोटोसकट. लेखाचा मसुदा समन्वयकांनी गुरुवारी आणून दिला होता. "तुमचेच विचार आहेत सर, आम्ही फक्त मांडलेत." वाचल्यावर मलाही तसंच वाटलं. मी अकरा स्वल्पविराम घातले, दोन ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले आणि "पाणीपुरवठा" हा शब्द जोडून लिहायला लावला. भाषा बाकी सफाईदार. पालिकेला हे काम झेपत नसेल तर ते सक्षम हातात द्यावं, असा एकूण सूर.

संपादक माझा जुना विद्यार्थी. त्याचा स्वतःहून फोन आला. वर्तमानपत्र गेल्या वर्षी गावातल्या बड्या कारखानदारांनी विकत घेतल्यापासून त्याला फार काम असतं, तरी केला. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी जिन्यात थांबवून सांगितलं, "सर, फोटो छान आलाय." भाजीच्या दुकानात दोघांनी नमस्कार केला. संध्याकाळपर्यंत एकूण चौदा माणसांशी बोललो. लेकीला आकडा सांगितला. ती म्हणाली, "बाबा, लेख तुम्ही लिहिलात?" मी म्हटलं, विचार माझेच आहेत.

९ मार्च, रविवार

नगरभवनात जाहीर सभा. सहाशे खुर्च्या, सगळ्या भरलेल्या. मी इतक्या माणसांपुढे स्नेहसंमेलनातसुद्धा उभा राहिलो नव्हतो, आणि तिथे तर निम्मी पोरं एकमेकांना चिमटे काढत असत. इथे सूचिपतन शांतता. टाळ्या अगदी योग्य जागी. भाषण संपताच पुढच्या आठ रांगा एकदम उठून, एका दारातून, ओळीनं बाहेर उभ्या असलेल्या चार बसमध्ये जाऊन बसल्या. लोकांना इतकी शिस्त असते हे मला माहीत नव्हतं. बसवर कारखान्याचं चिन्ह होतं. म्हणजे कामगारवर्गही आपल्या बाजूला आहे.

भाषण लिहून दिलेलं होतं. त्यात एक वाक्य होतं: "तीस वर्षं एकाच खुर्चीला चिकटून बसलेल्या अधिकाऱ्यांच्या हलगर्जीपणामुळे आज आपली मुलं गाळ पीत आहेत." वाचता वाचता मी क्षणभर अडखळलो. तीस वर्षं त्या खुर्चीत एकच माणूस आहे. पण वाक्य सुरू झालं होतं, लोक बघत होते, आणि मला पूर्णविरामाशिवाय थांबायची सवय नाही.

सर्वांत मोठ्या टाळ्या त्याच वाक्याला पडल्या.

१० मार्च, सोमवार

सकाळी सव्वासहा ते सात तळ्यापाशी उभा राहिलो. इंजिनिअर आला नाही.

१२ मार्च, बुधवार

आजही नाही. मग मीच केंद्रावर गेलो. तो फिल्टरच्या कठड्यापाशी गुडघ्यापर्यंत पँट दुमडून उभा होता. दोन कामगार लांब दांड्यांनी वाळू उकरत होते.

"जुनीच वाळू धुऊन पुन्हा वापरतोय," त्यानं वर न बघता सांगितलं. "तुमच्या मुलांनी गाळ पिऊ नये म्हणून."

"अरे, ते तुझ्याबद्दल नव्हतं."

"मग कोणाबद्दल होतं?"

मी म्हटलं, "एकूण व्यवस्थेबद्दल."

"मास्तर, व्यवस्थेला घर नसतं, बायको नसते. काल माझ्या बायकोला दुकानात एकीनं विचारलं, घरी बाटलीतलं पाणी पिता का."

"मला ते वाक्य लिहून दिलं होतं."

त्यावर त्यानं वर पाहिलं. राग असता तर मला सोपं गेलं असतं. तो माझ्याकडे, वर्गात उत्तर न आलेल्या पोराकडे मी बघायचो, तसा बघत होता.

"तुम्ही वाचलंत ना पण," म्हणाला.

मी निघालो. फाटकापर्यंत वाटत होतं की तो हाक मारेल.

१९ मार्च, बुधवार

इंजिनिअरला निलंबित केलं. चौकशी होईपर्यंत घरी. बातमीत "मंचाच्या अध्यक्षांनी केलेल्या गंभीर आरोपांची दखल घेऊन" असं आहे.

मी समन्वयकांना म्हटलं, मी कोणावर आरोप केलेला नाही. ते खूप समजुतीनं बोलले. "सर, चौकशी म्हणजे शिक्षा नव्हे. निर्दोष असतील तर सुटतीलच." मग म्हणाले, तुम्ही थकलेले दिसता, आणि माझ्यासाठी गाडी बोलावली. गाडीत बसल्यावर पटलं की ते बोलले त्यात तर्क आहे. घरी आल्यावर तेवढं पटेना.

इंजिनिअरला फोन केला. वाजत राहिला.

३ एप्रिल, गुरुवार

पालिकेत ठराव पास. एकवीस विरुद्ध नऊ. पाणीपुरवठा पंचवीस वर्षांसाठी कारखानदारांच्या नव्या कंपनीकडे. मी प्रेक्षकांच्या बाकावर होतो. ठराव मांडणाऱ्या नगरसेवकानं माझा लेख वाचून दाखवला, स्वल्पविरामांवर नीट थांबत. "ही जनतेची हाक आहे," म्हणाला. माझ्या शेजारच्या बाईंनी विचारलं, "हे कोणाचं?" मी म्हटलं, "माझं." त्या उठून पलीकडे जाऊन बसल्या.

संध्याकाळी हॉटेलात मेजवानी. कारखानदार पहिल्यांदाच दिसले. ठेंगणे, मऊ आवाजाचे, साध्या चपलांत. सगळ्यांशी हस्तांदोलन करत आमच्या टेबलाशी आले. समन्वयकांनी ओळख करून दिली, "हे आपले अध्यक्ष." त्यांनी हात हातात घेऊन विचारलं, "कशाचे?" आणि उत्तराआधीच पुढे सरकले.

माझं दोन मिनिटांचं मनोगत होतं. या वेळी मी स्वतः लिहिलं होतं, हिच्याबद्दलही एक ओळ होती. वेळेअभावी ते राहिलं. माझ्या टेबलावर बसलेले न्यायाधीश या वेळी जागे होते. ते म्हणाले, "आता आपल्याला कोणी बोलावणार नाही बघा." मी म्हटलं, "असं कसं? देखरेख कोण करणार?" त्यांनी माझ्या ताटलीत आपला गोड पदार्थ वाढला.

१५ एप्रिल, मंगळवार

काल सोमवार म्हणून अकराला मंचात गेलो. कुलूप. आज पुन्हा गेलो तर दार उघडं, आत रंगारी. खुर्च्या नाहीत, फलक नाही. भिंतीवर फलकाचा फिकट चौकोन होता, तोही तो रंगवत होता. विचारलं तर म्हणाला, इथे बुटांचं दुकान येणार.

समन्वयकांना सहा फोन केले. सातवा दुसऱ्या कोणीतरी उचलला आणि सांगितलं की मंच विसर्जित झाला आहे, तसा अध्यक्षांच्या सहीचा ठराव दफ्तरी आहे. मी म्हटलं, अध्यक्ष मीच आहे. पलीकडचा म्हणाला, "मग तुम्हाला माहीत असेलच."

मेजवानीच्या आधी सात-आठ कागदांवर सह्या घेतल्या होत्या खऱ्या. चौतीस वर्षं पोरांना सांगत आलो की प्रश्न नीट वाचल्याशिवाय उत्तर लिहू नका.

९ मे, शुक्रवार

नळाला स्वच्छ पाणी. काचेसारखं. ग्लास खिडकीशी धरून बराच वेळ पाहिला. म्हणजे मी चुकलो नव्हतो.

दुपारी मुद्दाम केंद्राच्या बाजूनं फेरी मारली. फाटकावर नवा पहारेकरी. तो सांगत होता, कंपनीनं आल्याबरोबर वाळूचे बावीस ट्रक उतरवले, दहा दिवसांत काम फत्ते. "बाकी काही केलं का?" मी विचारलं. "बाकी काय करायचंय? यंत्रं ठणठणीत आहेत."

घरी येऊन झोपलो. जेवलो नाही.

१७ जुलै, गुरुवार

दोन महिने लिहिलं नाही. लिहिण्यासारखं बोलणंच झालं नाही. लेकीला मात्र दर रविवारी सांगतो की लिहितोय.

आज सकाळी बेल वाजली, आणि लाज वाटते सांगायला, पण मला वाटलं समन्वयक. शिंपीणबाई होत्या. मागे जिन्यावर आणखी पाच-सहा बाया, खालच्या आळीतल्या, प्रत्येकीच्या हातात रिकामी बादली. भरून न्यायला नाही, दाखवायला आणल्या होत्या.

"सर, तुम्ही पाण्याचे अध्यक्ष ना?"

मी म्हटलं, होतो.

"मग आम्ही कोणाकडे जायचं? दिवसाआड अर्धा तास पाणी. तेही करंगळीएवढी धार. कंपनीच्या कार्यालयात गेलो तर म्हणतात तक्रार मंचामार्फत करा."

"पाणी कुठं जातंय मग?"

त्यांतली एक म्हातारी म्हणाली, "टेकडीवर." टेकडीवर कारखानदारांची नवी वसाहत झालीय. ही बाई तिथे झाडलोट करते. "तिथं फाटकाशी कारंजं आहे सर. दिवसभर उडतं. मी रोज सकाळी त्याच्याभोवतीचं सांडलेलं पाणी पुसते आणि घरी येऊन बादली घेऊन रांगेत बसते."

ती हे तक्रार म्हणून सांगत नव्हती. गंमत म्हणून सांगत होती. बाकीच्या हसल्याही. मला त्यांना बसा म्हणावंसं वाटलं, पण घरात दोनच खुर्च्या आहेत. मी वही घेऊन दारातच उभा राहिलो आणि प्रत्येकीचं घर, पाण्याचे दिवस, किती बादल्या मिळतात ते उतरवून घेतलं. जाताना शिंपीणबाई हळूच म्हणाल्या, "सर, तुमच्या सभेला मीही टाळ्या वाजवल्या होत्या."

४ ऑगस्ट, सोमवार

बायांचा तपशील घेऊन कंपनीत तीनदा गेलो. तिन्ही वेळा बाकावर बसवून ठेवलं. काल-परवापर्यंत गाडी पाठवत होते.

आज पालिकेत गेलो. आवक कारकून म्हणजे पाचवीत माझ्याकडे दोनदा नापास झालेला मुलगा. आता केस पिकलेत त्याचे. म्हटलं, केंद्राकडून वाळूसाठी आलेले अर्ज बघायचेत. तो म्हणाला, "सर, मी चहाला जातोय. नोंदवही टेबलावर आहे. तुम्ही बसा."

पावणेदोन तास बसलो. सात अर्ज. दीड वर्षात सात. प्रत्येकापुढे तारीख, आवक क्रमांक आणि "वरिष्ठांकडे सादर". त्यापुढे काहीच नाही. सही इंजिनिअरची. तिसऱ्या अर्जाची तारीख ही गेली त्याच्या दुसऱ्या दिवसाची होती. त्या दिवशी तो सकाळभर माझ्या घरी होता, सगळं त्यानंच पाहिलं होतं. म्हणजे इथून उठून तो कामावर गेला आणि अर्ज लिहिला.

कारकून परत आला तेव्हा मी चष्मा पुसत होतो. त्यानं पाण्याचा ग्लास पुढे केला.

७ ऑगस्ट, गुरुवार

दोन दिवस बसून वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, काल संध्याकाळी पोचवलं. दोन पानं. लेख मी लिहिला नव्हता, भाषणही नाही. वाळूसाठी सात अर्ज केलेल्या माणसाला मी हलगर्जी म्हटलं. पाणी बिघडू दिलं गेलं, मग दुरुस्त करण्याचं श्रेय दिलं गेलं, आणि मधल्या जागेत मला उभं केलं गेलं. "केलं गेलं" खोडलं. "मी उभा राहिलो" लिहिलं.

संपादकाचा आज फोन आला. फार अदबीनं बोलत होता.

"सर, पत्र मिळालं. पण छापता येईल असं वाटत नाही."

"का? मालकांमुळे?"

"तसं नाही सर. खरं सांगू का, वाचून आमच्या विभागात शंका आली की हे तुम्ही लिहिलंय का. तुमची शैली नाही ही. तुमचा मार्चमधला लेख किती सफाईदार होता. यात वाक्यं तुटतात, मध्येच घरचं काहीबाही येतं."

मी म्हटलं, "अरे, हे माझं अक्षर आहे. तू चार वर्षं पाहिलंस ते."

"अक्षर तुमचंच आहे सर," तो म्हणाला. त्याच्या मागे यंत्रांचा आवाज येत होता. मग म्हणाला, "तब्येतीला जपा सर." त्याचा आवाज बारीक झाला होता. शाळेत खोटं बोलताना व्हायचा तसा.

९ ऑगस्ट, शनिवार

पत्राची नक्कल खिशात घालून इंजिनिअरच्या घरी गेलो. पाच महिन्यांत पहिल्यांदा. जिन्यात दोनदा थांबलो, दम लागला म्हणून नाही.

त्याच्या बायकोनं दार उघडलं. वहिनी एरवी मला पाहून आधी चहाचं आधण ठेवायच्या. आज "बघते, आहेत का" म्हणून आत गेल्या. घर दोन खोल्यांचं.

तो आला. दाढी वाढलेली, सगळी पांढरी. चौकशी अजून सुरूच झालेली नाही म्हणे, नुसतीच तारीख पडते. मी कागद पुढे केले. त्यानं तिथेच, दाराला टेकून, वाचायला सुरुवात केली. माझी विद्यार्थ्यासारखी अवस्था झाली. तो सावकाश वाचतो. पहिलं पान दोनदा वाचलं. दुसऱ्या पानावर एका जागी थांबला आणि आत जाऊन पेन घेऊन आला.

"सात नाही," म्हणाला. "नऊ."

"नोंदवहीत सातच आहेत. मी स्वतः मोजले."

"शेवटचे दोन नोंदवून घेतलेच नाहीत. तुमच्या सभेनंतर दिले होते. कारकून म्हणाला, साहेब, आता तुमचा कागद घेऊ नका असं वरून सांगितलंय."

त्यानं सातावर काट मारून वर नऊ लिहिले, काट सुबक होती, आणि कागद घडी करून परत दिले. मी वाट पाहिली. त्यानं आत या म्हटलं नाही. मला माफ कर हे शब्द मी घरून तयार करून नेले होते, पण त्या दारात ते पाठ केलेल्या भाषणासारखे वाटले असते. म्हणून मी एवढंच म्हटलं, "दुरुस्त करतो."

"कर," तो म्हणाला.

दार बंद झालं. आपटलं नाही, हळू लावलं.

घरी येऊन दोन्ही पानं नव्यानं लिहून काढली, नऊ घालून. खालच्या आळीतल्या बायांची नावंही शेवटी जोडली, त्यांना विचारून. आता पत्रात चूक राहिलेली नाही. कोणी छापणार नाही हे माहीत आहे, म्हणून आणखी नकला करायला घेतल्यात. हात दुखेपर्यंत अकरा झाल्या. उद्या रविवार, लेकीचा फोन येईल. तिला पूर्ण वाचून दाखवीन, शैलीसकट.